चालून दाखवणं

जिजाबाई अनवाणी आल्या होत्या. इतवारीच्या फलाटावर, कार्तिकातल्या सकाळच्या गारठ्यात, सगळे जण शाली आणि मफलर सावरत रामटेकच्या गाडीची वाट पाहत असताना गणपतरावांची नजर त्यांच्या पायांवर गेली आणि तिथंच अडकली. बाईंकडे वहाणा नव्हत्या असं नाही. त्या काखेतल्या पिशवीतून डोकावत होत्या. काटोलकडे संत्र्याची बाग, कापसाचं रान, गोठ्यात बैलजोड्या, असा पसारा सांभाळणारी बाई. नवरा मारोतराव कापसाच्या वेचणीत अडकला म्हणून मुलाला, रुपरावला, घेऊन तीच आली होती. "जंगलात जाचं हाय, मंग पायात कायले पाह्यजे जी?" कोणी न विचारताच त्यांनी खुलासा केला, आणि गणपतरावांच्या मुलीच्या, शामलाच्या, पायांतल्या काळ्या बुटांकडे पाहून त्या हसल्या. "तू बी काढ ना वं माय. हलकं वाटते." शामलानं आईकडे पाहिलं नाही, बापाकडे पाहिलं. गणपतराव घाईघाईनं म्हणाले, "काटे रायतात तिकडं. तिले सवय नाई." तेवढ्यात गाडी आली आणि विषय तिथंच राहिला.

गाडीत गणपतरावांना खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसेना. हा सगळा बेत त्यांचाच होता, आणि आत्तापर्यंत ते त्या बेतावर मनातल्या मनात फार खूष होते. मुलगी पाहायला येणारी माणसं घरात येऊन बसतात. घर म्हटलं की दाराशी पायताणं निघतात. मुलगी चहा घेऊन येते, पाटावर बसते, नाव सांगते, आणि मग एखादी म्हातारी सुपारी कातरता कातरता म्हणते, जरा चालून दाखव गं बाई. शेणानं सारवलेल्या जमिनीवर, अनवाणी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वर्ध्याच्या लोकांनी असंच चालून पाहिलं होतं, भंडाऱ्याच्या लोकांनीही. दोघांनी चिवडा संपवला, कळवतो म्हणाले आणि कळवलं नाही. तेव्हा गणपतरावांच्या डोक्यात आलं की मुलगी घरात दाखवायचीच कशाला? त्यांच्या कालव्याच्या ऑफिसातली मंडळी दरवर्षी कार्तिकात बायकापोरांसह आवळीभोजनाला जातात. दिवसभर चालणं, आवळ्याच्या झाडाखाली जेवण, संध्याकाळच्या गाडीनं परत. त्यातच काटोलच्या मंडळींना बोलवायचं. रानाला उंबरा नसतो. शामला दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालेल, आणि दिवसभर तिच्या पायांत बूट असतील.

बूट कामठीच्या छावणीतल्या मोच्यानं केले होते. तो साहेबलोकांचे बूट करायचा. गणपतराव स्वतः शामलाला घेऊन गेले होते, आणि त्यानं तिचे दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं कडा काढल्या, मग डाव्या बुटाच्या आत बुचाच्या लाकडाची अशी काही टाच बसवली की बाहेरून दोन्ही जोडे सारखे दिसावेत. ते बूट घातले की शामला सरळ चालायची. थोडी जड, थोडी मोजून, पण सरळ. लोक म्हणत, गणपतरावांची पोर फ्याशनेबल झाली. म्हणू देत. लहानपणी ताप आला होता, तो उतरला तेव्हा पाय उतरत्या तापाबरोबर कुठेतरी मागं राहून गेला. उजवा वाढला, डावा त्याच्या मागून रेंगाळत आला. तापाच्या त्या दिवसांत गणपतराव तिच्या उशाशी बसून होते, आणि ती वाचली तेव्हा ओसरीवर येऊन रडले होते. हे त्यांना आठवलं की बरं वाटायचं. आपण तिच्यासाठी काय काय केलं हे आठवलं की त्यांना नेहमीच बरं वाटायचं. देवकी, त्यांची बायको, म्हणाली होती, "सांगून टाका ना जी एकदाचं. लग्न झाल्यावर का बूट घालून सयपाक करीन का ती?" त्यावर ते म्हणाले होते, लग्न तर होऊ दे. आणि यापेक्षा जास्त विचार त्यांनी केला नव्हता. तिचं वय वाढत होतं, काटोलचं स्थळ चांगलं होतं, मुलगा शाळेत मास्तर होता, आणि हे स्थळ गेलं तर पुढचं कुठून आणायचं हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

लहानशा स्टेशनावर उतरून मंडळी सागाच्या रानात शिरली. पुढं मधुकरराव, ऑफिसातले दुसरे कारकून, खाकी अर्धी चड्डी, डोक्याला सोला हॅट, हातात काठी. दरवर्षीचे पुढारी तेच. काटोलचं स्थळही त्यांनीच आणलेलं. जेवणाची भांडी, पीठ, वांगी आणि गोवऱ्या घेऊन छकडा पहाटेच पुढं गेला होता. सागाची पानं सुकायला लागली होती आणि पायाखाली पापडासारखी मोडत होती, आणि त्या आवाजात गणपतराव एकच आवाज ऐकत होते. मुलीच्या बुटांचा. उजवा, डावा, उजवा, डावा. दोन्ही सारखे पडत होते. ती जरा भरभर चालायला लागली की ते मागून म्हणायचे, "हळू, शामले." भरभर चाललं की कंबर हलते, हे त्यांना माहीत होतं. ती पुन्हा हळू व्हायची. बायकांच्या साड्यांना कुसळं लागत होती आणि त्या खाली वाकून काढत होत्या, हसत होत्या. रुपराव थोडा बाजूनं चालत होता, अंगानं किरकोळ, कान मोठे, आणि एकदा धीर करून त्यानं शामलाला विचारलेलं गणपतरावांनी ऐकलं, "तुमाले झाडं ओळखू येतात का?" ती म्हणाली, "साग येतो. बाकीची सगळी मले हिरवी दिसतात." तो मोठ्यानं हसला आणि मग लाजून गप्प झाला. गणपतरावांना आशेनं एकदम गरम झाल्यासारखं वाटलं. त्यांनी मफलर काढला.

जिजाबाई त्यांच्या शेजारून चालत होत्या. अनवाणी पायांना खडे, मुळ्या, काटे काही म्हणून जाणवत नसावं. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पोरगी तब्येतीनं बरी हाय ना जी?"

"एकदम," गणपतराव म्हणाले.

"लहानपनी काही दुखनंबिखनं?"

"पोराइले होते तेवढंच. ताप, खोकला."

जिजाबाईंनी मान हलवली आणि वाटेवर पडलेला एक आवळा उचलून पदराला पुसून तोंडात टाकला. तापाचं नाव घेतलं हे गणपतरावांना आवडलं. म्हणजे ते अगदीच खोटं बोलले नव्हते. ऑफिसात ते असंच करायचे. साहेबानं विचारलं की कालव्याच्या फाट्याला पाणी का पोचलं नाही, तर पाऊस कमी झाला असं सांगायचे, आणि पाऊस खरंच थोडा कमी झालेला असायचा. फुटलेल्या बांधाचा उल्लेख करायचं कारण नसायचं. अशा उत्तरांवर त्यांची सारी नोकरी निभावली होती आणि त्यांना कोणी लबाड म्हटलं नव्हतं. पण आत्ता त्यांना राहून राहून वाटत होतं की बाईंनी आणखी काही विचारावं, आणि त्याच वेळी वाटत होतं की बाईंनी आता पुढं जाऊन बायकांत मिसळावं.

रान संपलं आणि नदी लागली. गणपतरावांना खरी धास्ती होती ती इथली. ऑफिसातल्या नकाशावर बोट फिरवून त्यांनी वाट आखली ती याच नदीसाठी. पाणी गुडघाभर, वाळू, उतार. कोणीही म्हणणार की जोडे हातात घ्या आणि चला. म्हणून त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं की काठाकाठानं वर जायचं आणि कालव्याच्या पुलावरून पलीकडं उतरायचं. पण मधुकरराव पाण्याशी पोचले आणि काठी उंचावून ओरडले, "इथूनच उतरून राहिलो आपण! पाणी कमी हाय!" काहींनी चपला काढायला सुरुवातही केली. मुलं तर पाण्यात होती. गणपतराव धावतच पुढं गेले. "नाई, नाई. पुलावरून जाऊ. इथं भोवरा रायतो." कोणीतरी म्हणालं, गुडघाभर पाण्यात कसला भोवरा? "मागच्या साली एक बैल गेला," गणपतराव म्हणाले. असा कुठलाही बैल गेला नव्हता. त्यांचा आवाज चढला. "कालव्याचं काम तुमाले जास्त समजते का मले?" मंडळी एकमेकांकडे पाहायला लागली. असल्या सहलीत असं कोणी बोलत नाही. मधुकररावांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, मग काठी खाली केली आणि म्हणाले, "चला गा, पुलावरून. गणपतराव म्हणतात तं पुलावरून." मुलांना पाण्यातून ओढून काढलं. ऊन चढत होतं, काठाची वाट लांबची होती, आणि लोक कुरकुरत चालले. शामला खाली मान घालून चालत होती. तिचे कान लाल झाले होते. गणपतरावांना ते दिसलं, आणि त्यांनी मनाशी म्हटलं, उन्हामुळे.

पूल आला. खाली नदी, आणि पुलावरूनच, पायवाटेला लागून, कालव्याचं पाणी भरून, गढूळ, धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी सोडलेलं, जराही आवाज न करता वाहत होतं. जिजाबाई पुलाच्या मध्यावर थांबल्या. कठड्यावर हात ठेवून पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "चांगला हाय पूल. लय लांबून आनलं तुमी आमाले." आणि त्यांच्याकडे वळून त्या तशाच उभ्या राहिल्या, ते पुढं काही बोलतील म्हणून. गणपतराव म्हणाले, "दगडी काम हाय. साहेबांनी सोता उभं राहून करून घेतलं." जिजाबाई म्हणाल्या, "हो का," आणि चालायला लागल्या. पूल उतरताना गणपतरावांना हायसं वाटलं. आता पुढं नदी नाही, नाला नाही. आता फक्त कालव्याचा सपाट रस्ता, आवळ्याची झाडं, जेवण, आणि परत. त्यांनी मधुकररावांकडून पान मागून घेतलं, आणि नदीकाठच्या बोलण्याबद्दल काहीतरी पुटपुटलेही. मधुकरराव म्हणाले, "असू द्या जी."

आवळ्याच्या झाडांखाली गोवऱ्यांचा धूर होत होता. निखाऱ्यात कणकेचे रोडगे खरपूस झाले होते, वांग्याची भाजी पातेल्यात रटरटत होती. पुरुष जरा लांब जाजम टाकून बसले, कोणी पत्ते काढले. गणपतराव टेकले, डोळे मिटले, आणि पान चघळता चघळता त्यांच्या कानावर बायकांचं हसणं पडत राहिलं. बराच वेळ त्यांना काही कळलं नाही. मग कोणाची तरी हाक ऐकू आली, "ये ना वं शामला, तुह्याच हातानं सूत गुंडाळ," आणि त्यांनी डोळे उघडले. सगळ्यात जुन्या झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू लागलं होतं, दिवा लावला होता, आणि बायका पांढरं सूत गुंडाळत झाडाभोवती प्रदक्षिणा घालत होत्या. बाजूला गवतात चपलांची, वहाणांची रास पडली होती. देवाच्या झाडाला कोणी पायताण घालून फेरे घालत नाही. इतकी वर्षं ते आवळीभोजनाला येत होते आणि इतकी वर्षं बायकांची पूजा चालली असताना पत्ते खेळत होते. नदीचा उतार, पाण्याची खोली, पुलाची जागा, सगळं त्यांनी पाहून ठेवलं होतं. पूजा त्यांच्या लक्षातच आली नव्हती. देवकीच्या लक्षात आली असेल का? तिच्याकडे पाहिलं तर ती दिव्यात तेल घालत होती आणि वर बघत नव्हती.

उठावं, ओरडावं, काहीतरी सांगावं, बैल गेला म्हणावं, असं त्यांना झालं. तोपर्यंत शामला खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिनं घाई केली नाही. बूट राशीत ठेवले, उठली, सुताची गुंडी हातात घेतली आणि चालायला लागली. गणपतरावांनी नजर वळवली. सवयीनंच, कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. घरी ती ओसरीवरून गेली की त्यांचं वर्तमानपत्र वर जायचं. ती जेवायला वाढायला आली की ते ताटात पाहायचे. आपण नजर वळवली हे त्यांच्या या क्षणी लक्षात आलं, आणि मग त्यांनी तोंड पुन्हा झाडाकडे केलं, पण तेव्हा ती बुंध्याच्या मागं गेली होती. ती पुढं आली तेव्हा बायका गप्प झाल्या होत्या. पत्तेवालेही पाहत होते. रुपराव पाहत होता. फक्त जिजाबाई बोलत होत्या, तिच्या मागोमाग फेरा घालत, नेहमीच्या आवाजात, सूत सैल नको सोडू वं, खालून घे, हं, असं. एकदा त्या पुढं वाकून तिच्या कानाशी काही बोलल्या आणि शामलानं काही उत्तर दिलं. फेरे चालूच राहिले. संपता संपत नव्हते.

जेवणात सगळे सगळं बोलले, फक्त शामलाच्या पायाचं सोडून. रोडग्यावर तूप ओतलं, वांग्याची भाजी तिखट झाली की नाही यावर वाद झाला. गणपतरावांनी रोडगा नुसता कुस्करला. स्थळ गेलं. आता ऑफिसात सगळ्यांना कळलं, आता तिचं लग्न कसं होणार, आणि हे आपल्याच हातानं झालं. घरात दाखवली असती तर दोन माणसांनी पाहिली असती, इथं आख्ख्या ऑफिसानं पाहिली. त्यांना रडू येईल असं वाटलं, आणि आजूबाजूला माणसं असल्यानं आलं नाही.

परत कालव्याच्या रस्त्यानं निघाले तेव्हा ते मुद्दाम मागं राहिले. शामला बायकांच्याही पुढं, एकटी चालली होती. बूट देवकीच्या टोपलीत होते. जिजाबाई हळूहळू मागं येत येत त्यांच्या बरोबरीला आल्या.

"एक इचारू का जी?"

"इचारा."

"पोरीच्या पायाचं तुमी मले सांगनार होते का नाई?"

गणपतराव म्हणाले, "आता तं कळलं ना तुमाले."

"आता नाई कळलं. मधुकररावानं पयल्याच दिशी सांगतलं होतं. मी म्हनलं, पाय तोकडा हाय, पोरगी तं तोकडी नाई ना. म्हून आली मी. तिले पाहाले नाई आली, तुमाले पाहाले आली. सकाळी फलाटावर वाट पायली. जंगलात इचारून पायलं. पुलावर तं मले वाटलं, आता बोलतीन. तं तुमी दगडी कामाचं सांगून राहिले."

गणपतरावांना मधुकररावांचा राग आला आणि तो राग टिकला नाही. त्याच्या मागोमाग मोठा दिलासा आला. "म्हंजे... तुमाले चालते?"

"मले चालते. रुपरावले बी चालते, सकाळपासून हसून राहिला तो. पन तुमची पोरगी काय म्हनते ते ऐका. फेरे घालता घालता मी तिले इचारलं, माह्या घरी येशीन का वं? तं म्हने, बाबाले इचारा. त्याइले माह्यी लाज वाटते, ते कोनाच्या बी घरी देतीन." जिजाबाई थांबल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "हे खरं असंन तं मले सांगा. अन् खोटं असंन तं जा, तिले सांगा. मी इथंच थांबतो."

गणपतराव पुढं निघाले. खोटं आहे, ते मनात म्हणाले, अगदी खोटं. त्यांना शब्दही सुचत होते. तापातल्या रात्री, कामठीचा मोची, हे स्थळ, आजचा हा सगळा खटाटोप. लाज वाटली असती तर एवढं कोणी केलं असतं का? बायकांना ओलांडून ते पुढं गेले. देवकीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. समोर शामला चालत होती. तिच्या मागून चालताना कितीतरी वर्षांनी त्यांनी तिला चालताना पाहिलं. डावं पाऊल टेकलं की खांदा खाली जायचा, मग कंबर त्याला वर घ्यायची, आणि उजवं पाऊल लांब पडायचं. भरभर चालत होती. तिला इतकं भरभर चालता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. तिला गाठायला त्यांना जवळजवळ धावावं लागलं, आणि धावता धावता सुचलेले शब्द एकेक करून निरुपयोगी झाले. मोच्याकडे ते तिच्यासाठी गेले होते की ऑफिसासाठी? तिला कोणी हसू नये म्हणून गेले होते, का तिच्या बापाला कोणी हसू नये म्हणून?

"काय जी बाबा?" पावलांचा आवाज ऐकून ती थांबली.

"जिजाबाईनं सांगतलं मले. तू काय म्हनली ते."

उन्हानं आणि चालण्यानं तिच्या कपाळावर घाम आला होता. तिचा चेहरा देवकीसारखा झाला होता आणि हेही त्यांनी आजच पाहिलं.

"खरं हाय," गणपतराव म्हणाले. "होतं," असं ते म्हणणार होते, पण तेवढी सारवासारवही त्यांच्यानं करवली नाही.

शामला रडली नाही. तिनं कालव्याच्या पाण्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मले माहीत होतं जी," ती म्हणाली. "तुमी खरं म्हनले नसते तं मी लग्नाले नाई म्हननार होती. आता त्याइले हो म्हून सांगा. मले त्या घरी जाचं हाय."

"रुपराव चांगला पोरगा हाय."

"त्याचं पाहू. त्या बाईनं मले चालतानी पायलं अन् बोलनं नाई थांबवलं."

गणपतरावांना सकाळपासून जे हवं होतं ते मिळालं होतं. ते मागं वळले. रस्त्यावर सगळी मंडळी थांबली होती, मधुकरराव काठी टेकून, बायका, मुलं, रुपराव, टोपली घेऊन देवकी, आणि त्या सगळ्यांच्या मागं, लांब, जिजाबाई त्यांची वाट पाहत उभ्या होत्या. आता त्यांना तिथपर्यंत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एकट्यानं चालत जायचं होतं.